आयटीची कामपद्धत सुधारायला मालकांकडे पैसे कसे मागावेत? (चाकणहून प्रश्न)

लोहगड | १२ जानेवारी, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आयटी सांभाळतो. प्लांट तीन: चाकण, भोसरी, वाळूज. संगणकावर काम करणारी माणसं सहाशेच्या आसपास, आम्ही सात जण. तक्रार फोनवर येते नाहीतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडते. ज्याला दिसेल तो पळतो, काम झालं की अंगठा टाकतो. नोंद कुठेच नाही. शनिवारी कोणीतरी सर्व्हरवर काहीतरी बदलतं आणि सोमवारी सकाळी डिस्पॅचचं लेबल निघत नाही. काय बदललं होतं हे शोधण्यातच दुपार होते. लेबलाशिवाय माल गाडीत चढत नाही, आणि सॅपमधून (आमचे हिशेब-व्यवहार चालणारं सॉफ्टवेअर) ई-इनव्हॉइसचा आयआरएन (सरकारी नोंदणी क्रमांक) आला नाही तर भरलेली गाडी गेटवर उभी राहते.

नोव्हेंबरात १८ पानांचा प्रस्ताव दिला. तक्रारी नोंदवायची प्रणाली, बदल करण्याआधी मंजुरी, सगळ्या यंत्रांची एकच यादी, एक जादा माणूस. एकूण १४ लाख. त्यात आयटिलच्या (आयटी सेवा कशी चालवावी याची जगभर वापरली जाणारी चौकट) आकृत्या होत्या, आपण परिपक्वतेच्या पहिल्या पातळीवर आहोत आणि तिसरीवर जायचंय असा तक्ता होता. मोठ्या साहेबांनी दहा मिनिटं नीट चाळलं आणि विचारलं, "पण बंद काय आहे? सगळं चालू तर आहे." मी गप्प बसलो.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुढच्या वर्षाच्या बजेटची बैठक आहे. कोणी असे पैसे मंजूर करून घेतले असतील तर कसे घेतले ते सांगा. मला हे मनापासून करायचंय. माझी पोरं रोज तीच ती आग विझवून थकली आहेत.

हिशेबनीस | १२ जानेवारी, रात्री ११.१५

मी टेबलाच्या पलीकडचा आहे. नाशिकला सातपूरमध्ये कॉस्टिंग बघतो आणि असे प्रस्ताव माझ्याकडे येतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

आयटीकडून येणाऱ्या दहापैकी आठ प्रस्तावांत एकच गणित असतं: रोज इतकी मिनिटं वाचतील, गुणिले इतके लोक, गुणिले तासाचा पगार, म्हणून वर्षाला अमुक लाखांची बचत. हे गणित मी पहिल्या पानावरच बाजूला ठेवतो. सहाशे लोकांची रोज दहा मिनिटं वाचली म्हणून महिन्याच्या पगारपत्रकातला एक रुपयाही कमी होत नाही. वेळ वाचतो हे खरं, पण वहीत पैसा दिसत नाही.

तुम्ही वहीत आधीच लिहिलेला पैसा शोधा. तुमच्या धंद्यात तो कुठे असतो ते सांगतो. खास गाडीचं भाडं: नेहमीची गाडी चुकली म्हणून रात्री वेगळा टेम्पो केला, त्याचं बिल. गाडी थांबवून ठेवल्याबद्दल ट्रान्सपोर्टवाल्याने लावलेला हॉल्टिंग चार्ज. ग्राहकाने उशिराबद्दल कापलेली डेबिट नोट. रविवारी बोलावलेल्या लोकांचा ओव्हरटाइम. आणि हे सगळेच विसरतात: भंगारात गेलेल्या संगणकांची चालू असलेली एएमसी (देखभालीचा वार्षिक करार). हे सगळं लेजरमध्ये आहे. तुमच्या अकाउंट्सच्या माणसाकडे चहाला जा आणि तीन महिन्यांचं 'खास वाहतूक' खातं मागा. कुठलीही आकृती काढू नका.

रात्रपाळी | १३ जानेवारी, पहाटे २.०५

मी हेल्पडेस्कवर काम करते, तीन वर्षं झाली. लोहगड दादा, तुमची पोरं कशी थकली असतील ते मला ठाऊक आहे.

आमच्याकडे गोडाऊनमध्ये एक लेबल प्रिंटर आहे. पहाटे तीनच्या सुमाराला तो हटकून ऑफलाइन जातो. मी रिमोटने जाते, स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवते, परत चालू करते, चार मिनिटांत लेबलं यायला लागतात. तिकडचे काका "थँक्यू मॅडम" म्हणतात, मी तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करते. असं मी एकटीने कितीदा केलं असेल! एकदा बसून मागची तिकिटं काढली तेव्हा लक्षात आलं, हे फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी होतं. त्या रात्री बॅकअप चालतो आणि त्याच वेळी प्रिंटरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दुसऱ्याच यंत्राला जातो. प्रिंटरला कायमचा पत्ता द्यायला पंधरा मिनिटं लागली. त्यानंतर तो फोन आलाच नाही.

आयटिलमध्ये यालाच इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम म्हणतात. काकांची लेबलं चालू करून देणं हे पहिलं, मुळात ती बंद का पडतात ते शोधणं हे दुसरं. पहिल्याबद्दल लगेच शाबासकी मिळते, दुसऱ्यासाठी कोणी वेळच देत नाही. आणि नोंदच नसेल तर मंगळवार-शुक्रवार हे कधी दिसणारच नाही.

हिशेबनीस साहेब, एका गोष्टीत तुमच्याशी सहमत नाही. वाचलेली मिनिटं वहीत दिसत नाहीत म्हणता, पण आमच्या टीममधून दीड वर्षात चार जण सोडून गेले. तेच तेच करून कंटाळले होते. याची किंमत कुठल्या वहीत आहे?

हिशेबनीस | १३ जानेवारी, सकाळी ८.३०

ताई, तीही वहीत आहे. एजन्सीला दिलेली फी आणि नवा माणूस तयार होईपर्यंतचा दुहेरी पगार. एचआरकडून आकडा घ्या आणि लिहा. माझं म्हणणं एवढंच की तो आकडा एचआरने दिलेला असावा, आयटीने अंदाजलेला नसावा. तुमचं मंगळवार-शुक्रवारचं उदाहरण मात्र प्रस्तावात जसंच्या तसं घालण्यासारखं आहे.

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, दुपारी १.२०

मी सांगलीकडच्या एका नागरी सहकारी बँकेत आहे. आमच्याकडे पैसे मागायला फारसं भांडावं लागत नाही, कारण मागे रिझर्व्ह बँक उभी असते.

२ डिसेंबर २०२० ला एचडीएफसी बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला सांगितलं, तेव्हा आमच्या संचालकांनी पहिल्यांदा 'डेटा सेंटर' हा शब्द नीट ऐकून घेतला. त्या आधीच्या महिन्यात एचडीएफसीच्या मुख्य डेटा सेंटरची वीज जाऊन सेवा बंद पडल्या होत्या, आणि तशा घटना दोन वर्षं होत होत्या. निर्बंध पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडला.

२४ एप्रिल २०२४ चा कोटक महिंद्र बँकेवरचा आदेश तर मी छापून ठेवलाय. ऑनलाइन नवे ग्राहक घ्यायचे नाहीत, नवी क्रेडिट कार्डं द्यायची नाहीत. कारणांची यादी वाचा: आयटी साधनांच्या यादीचं व्यवस्थापन, पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) आणि बदलांचं व्यवस्थापन, वापरकर्त्यांचे अधिकार, पुरवठादारांची जोखीम, आपत्तीनंतर उभं राहण्याची तयारी आणि सराव. लोहगड, तुम्ही नोव्हेंबरात जे मागितलंत त्यातलं निम्मं या यादीत आहे. ते निर्बंध फेब्रुवारी २०२५ मध्ये उठले. इतक्या मोठ्या बँकेची नव्या ग्राहकांची ऑनलाइन वाट दहा महिने बंद राहिली, ती अशा कामांमुळे ज्यांना आपल्याकडे 'कागदपत्रं' म्हणून हिणवतात.

आणि ३१ जुलै २०२४. सी-एज या तंत्रज्ञान पुरवठादारावर रॅन्समवेअर (माहिती अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) आलं म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने त्याच्यावर अवलंबून असलेल्या बँकांना पेमेंट यंत्रणेपासून वेगळं केलं. लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचं यूपीआय आणि एटीएम अडकलं. त्या दिवशी काउंटरवर शेतकऱ्यांना काय सांगायचं हे आमच्या मुलींना कळेना. दुसऱ्या दिवसापासून 'आपला कुठला पुरवठादार बंद पडला तर काय काय बंद पडेल' याची यादी करायला मला परवानगी मागावी लागली नाही.

लोहगड | १३ जानेवारी, रात्री १०.१०

कृष्णाकाठ, आमच्यावर रिझर्व्ह बँक नाही. पण तुमच्या प्रतिसादावरून एक आठवलं. आम्ही आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं गुणवत्ता मानक) प्रमाणित आहोत. त्यातल्या ६.१.२.३ कलमात पुरवठा खंडित होऊ नये म्हणून आपत्कालीन योजना ठेवायला सांगितलंय, आणि संगणक यंत्रणेवरचा सायबर हल्लाही त्यात धरलाय. योजना वेळोवेळी तपासून बघायची, वर्षातून एकदा तरी आढावा घ्यायचा. आज आमच्या क्वालिटीवाल्यांची फाइल उघडली. वीज गेली तर जनरेटर, माणसं नसतील तर कंत्राटी कामगार, हे सगळं आहे. संगणकाच्या पानावर एकच ओळ: "आयटी विभाग कळवेल." मला कोणी विचारलंच नव्हतं. उद्या क्वालिटीच्या मॅडमशी बोलतो.

थेम्सकाठ | १४ जानेवारी, पहाटे ३.४०

लंडनहून. बँकिंगच्या आयटीत वीस वर्षं गेली. भीतीच्या गोष्टी सांगताना जपून, एवढं सांगायला लिहितोय.

इथे सगळे टीएसबी बँकेचं नाव घेतात. एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर हलवली, माहिती नीट पोचली, पण यंत्रणा लगेच कोलमडली. व्यवहार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या आयटी प्रमुखाला वैयक्तिक ८१,६२० पौंडांचा. गोष्ट खरी आहे, पण चाकणच्या कारखानदाराला ती सांगितलीत तर तो म्हणेल, मी बँक नाही. बरोबरच आहे त्याचं.

त्यापेक्षा नाइट कॅपिटलची गोष्ट सांगा, तीही त्यातला फक्त एक तुकडा. १ ऑगस्ट २०१२, अमेरिका. शेअर दलाली करणाऱ्या या कंपनीने आठ सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवायचा होता. चढवणाऱ्याकडून एक राहिला. दुसऱ्या कोणी तपासून बघायचं अशी लेखी पद्धत नव्हती. त्या आठव्या सर्व्हरवरचा जुना, वापरात नसलेला कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. मला सगळ्यात जास्त लागतं ते पुढचं: बाजार उघडण्याआधीच त्यांच्या यंत्रणेने चूक दाखवणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते इशारे म्हणून बघायची पद्धतच नव्हती, म्हणून कोणी काही केलं नाही. अमेरिकेच्या एसईसीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) आदेशात हे सगळं नोंदलंय.

हे सांगून साहेबांना एवढंच विचारा: शनिवारी बदल करणाऱ्या आपल्या मुलाचं काम दुसरं कोण तपासतं? या प्रश्नाला १४ लाख लागत नाहीत.

दुसरं, आयटिल ४ मध्ये सात मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यातलं एक म्हणजे जिथे आहात तिथून सुरुवात करा. पहिल्या पातळीवरून तिसरीवर वगैरे सोडून द्या. सगळ्यात जास्त दुखणारी एक प्रक्रिया निवडा.

मुळामुठा | १४ जानेवारी, सकाळी १०.००

इथे सगळे प्रक्रियेच्या बाजूने बोलताहेत, म्हणून माझा कडू अनुभव लिहितो. पुण्यातल्या माझ्या आधीच्या कंपनीत बदलांची समिती आली. दर गुरुवारी बैठक. साधा पासवर्ड धोरणातला बदल असला तरी गुरुवारपर्यंत थांबा. सहा महिन्यांत लोकांनी मार्ग शोधला: जे करायचंय ते 'तातडीचं' म्हणून टाकायचं. तातडीच्या बदलाला फोनवर मंजुरी मिळायची. कागद वाढले आणि तपासणी आधी होती तेवढीही उरली नाही. तिकीट चार तासांत बंद झालं पाहिजे असा नियम होता, म्हणून काम न होताच तिकीट बंद व्हायचं आणि माणूस नवं टाकायचा. अहवाल हिरवागार, वापरणारे वैतागलेले.

पैसे मागताना हेही आधीच सांगा, नाहीतर वर्षाने तुमच्याच अंगावर येईल.

रात्रपाळी | १४ जानेवारी, सायंकाळी ६.४५

मुळामुठा, अगदी खरं. आम्ही यावर उपाय केला तो असा. नेहमीचे, धोका नसलेले बदल एकदाच लिहून मंजूर करून घेतले, त्यांना पुन्हा विचारायचं नाही. उरलेल्यांना फक्त दुसऱ्या माणसाची नजर आणि 'उलटं कसं फिरवायचं' ही एक ओळ. 'तातडीचे' किती झाले ते दर महिन्याला मोजतो. तो आकडा वाढला तर पद्धत जाचक झालीय असं समजतो, माणसांना दोष देत नाही.

लोहगड दादा, साहेबांना आणखी एक आधीच सांगून ठेवा. नोंद सुरू केली की पहिले तीन-चार महिने तक्रारी वाढलेल्या दिसतील, कारण आजवर त्या लिहिल्याच जात नव्हत्या. आमच्या मॅनेजरना हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिला अहवाल बघून त्यांना वाटलं प्रणालीमुळे बिघाड वाढले.

लोहगड | ३० जानेवारी, रात्री १०.३०

मंडळी, पंधरा दिवसांत जे सापडलं ते लिहितो. लांबेल.

हिशेबनीस म्हणाले तसं अकाउंट्समधून ऑक्टोबर ते डिसेंबरचं खास वाहतुकीचं खातं घेतलं. ६ लाख ४० हजार. पण कुठली गाडी कशामुळे करावी लागली हे त्यात नाही. डिस्पॅचचे प्रमुख म्हणाले, गेटवर जा.

गेटवरच्या केबिनमध्ये जाड पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर असतं. गाडी नंबर, ड्रायव्हर, आत किती वाजता, बाहेर किती वाजता, सील नंबर. आमचे सेक्युरिटीचे काका अकरा वर्षं तिथे आहेत. त्यांना एक सवय आहे: गाडी तासाभराच्या वर थांबली की ते समासात पेन्सिलीने कारण लिहितात. "माल नाही." "क्वालिटी होल्ड." "ड्रायव्हर जेवायला." आणि अधूनमधून "सिस्टिम बंद" किंवा "बिल येत नाही." त्यांना हे लिहायला कोणी सांगितलेलं नाही. उद्या ट्रान्सपोर्टवाला भांडायला आला तर उत्तर असावं म्हणून लिहितात. मी दोन दुपारी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून तीन महिन्यांची पानं उतरवून घेतली.

"सिस्टिम बंद" आणि "बिल येत नाही" मिळून नऊ दिवस निघाले, २३ गाड्या अडकलेल्या. मग आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या नऊ तारखा शोधल्या. नऊपैकी सात वेळा आदल्या दिवशी किंवा आदल्या शनिवारी आम्हीच काहीतरी बदललं होतं. लेबलचा फॉरमॅट, फायरवॉलचा नियम, एकदा तर सॅप आणि ई-इनव्हॉइस यांच्यामधल्या सॉफ्टवेअरचा अपडेट. हे वाचताना पोटात खड्डा पडला. मी इतकी वर्षं 'यंत्रं जुनी आहेत' म्हणत होतो.

खास गाड्यांच्या बिलांशी तारखा जुळवल्या. ६ लाख ४० हजारांपैकी ३ लाख १० हजार या नऊ दिवसांचे, त्यातले २ लाख ६० हजार आमच्या बदलांमुळे. बाकीचा खर्च माल वेळेवर तयार नसल्यामुळे, तो आमचा नाही.

एएमसीची यादीही तपासली. बिल २१२ संगणकांचं, प्रत्यक्षात वापरात १७१. उरलेल्या ४१ पैकी बरेच वाळूजच्या स्टोअरमध्ये ताडपत्रीखाली. प्रत्येकी वर्षाला ११०० रुपये.

हिशेबनीस | ३१ जानेवारी, सकाळी ९.००

हे खरं काम झालं. आता तीन गोष्टी करा.

ते ४५,१०० रुपये बैठकीपर्यंत थांबवू नका. आजच एएमसीवाल्याला पत्र द्या. बैठकीत 'हे वाचवलं' असं सांगा.

२ लाख ६० हजारांना चारने गुणून १० लाख ४० हजार होतात, पण तेवढे सगळे वाचतील असं लिहू नका. निम्मे धरा: ५ लाख २० हजार. सण-दिवाळीच्या तिमाहीत गाड्या जास्त असतात, हा आक्षेप मी असतो तर घेतलाच असता. निम्मे धरले की तो आधीच गळून पडतो.

आणि गाड्यांच्या आकड्याखाली तुमची सही नको. डिस्पॅच प्रमुखांची घ्या, खर्चाखाली अकाउंट्सची. तुम्ही फक्त उपाय आणि त्याची किंमत सांगा. मग मागणी किती ठेवताय?

लोहगड | ३१ जानेवारी, रात्री ९.१५

साडेतीन लाख. बदल चढवण्याआधी तपासायला एक वेगळा सर्व्हर आणि डिस्पॅचवर आहे तसाच एक लेबल प्रिंटर. दोन मुलांचं प्रशिक्षण. तक्रारींच्या नोंदीसाठी विकत प्रणाली घेत नाही. जीएलपीआय हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात यंत्रांची यादीही ठेवता येते, भोसरीत आठवडाभर चालवून बघितलं. जादा माणूस सध्या मागत नाही. निम्मी बचत धरली तरी आठ महिन्यांत पैसे वसूल.

क्वालिटीच्या मॅडमनी स्वतःहून सांगितलं की आयएटीएफच्या पुढच्या ऑडिटआधी आपत्कालीन योजनेतलं संगणकाचं पान त्यांना माझ्याकडून लिहून हवंय. तेही एका परिच्छेदात जोडतोय.

थेम्सकाठ | १ फेब्रुवारी, पहाटे ४.१०

दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. आणि गेट रजिस्टरच्या त्या पानांचे फोटो लावा, पेन्सिलीच्या अक्षरासकट.

लोहगड | २६ फेब्रुवारी, रात्री ११.००

आज बैठक झाली.

साहेबांनी आकड्यांकडे नंतर बघितलं, आधी फोटो बघितले. काकांचं अक्षर ओळखलं त्यांनी. मग डिस्पॅच प्रमुखांना विचारलं, "हे खरंय?" ते म्हणाले, "साहेब, मी सही केलीय." नंतर माझ्याकडे वळून विचारलं की नऊपैकी सात वेळा चूक आपल्याच लोकांची, तर त्यांना काय शिक्षा केली. मी सांगितलं की मुलांनी काम सांगितलं तसंच केलं होतं, तपासायला जागा मी दिली नव्हती. थोडा वेळ कोणी बोललं नाही.

सर्व्हर, प्रिंटर आणि प्रशिक्षण मंजूर. अट अशी की जून अखेर डिस्पॅच प्रमुखांनी रजिस्टर घेऊन यायचं आणि तारखा त्यांनीच वाचून दाखवायच्या. मला चालेल. तक्रारी सुरुवातीला वाढलेल्या दिसतील हे सांगून ठेवलंय, इतिवृत्तात लिहूनही घेतलंय. एएमसीचं सुधारित बिल कालच आलं, १७१ चं.

आता एक अडचण. महिनाअखेरीला डिस्पॅच दुपटीने वाढतं आणि नेमकं तेव्हाच अकाउंट्सला सॅपमध्ये बदल हवे असतात. बदल कुठल्या तारखांना बंद ठेवावेत?

रात्रपाळी | २७ फेब्रुवारी, पहाटे १.३०

दादा, अभिनंदन! खूप बरं वाटलं वाचून.

आमच्याकडे २७ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत काही चढवत नाही. जीएसटी रिटर्नच्या तारखा म्हणजे ११ आणि २०, त्यांच्या आदल्या दिवशीही नाही. अकाउंट्सला ही तारखांची यादी महिन्याच्या सुरुवातीलाच द्या आणि त्यांना हवे असलेले बदल १५ च्या आसपास मागवून घ्या. पहिले दोन महिने कुरकुर करतील. आणि शनिवारऐवजी मंगळवारी सकाळी चढवा, म्हणजे बिघडलं तर सगळे जागेवर असतात.